तिथी गुणिले पाऊण

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला अगदी समोर दिसतो. ओहोटी असेल तर तिथं चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. भरती लागली की मधली वाट पाण्याखाली जाते आणि किल्ल्यात रेंगाळलेल्यांना होडी शोधावी लागते, नाहीतर पाणी उतरेपर्यंत तटावर बसून राहावं लागतं. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारा रस्ताही असाच. पाणी केव्हा येणार आणि केव्हा जाणार हा तिथल्या माणसांचा रोजचा प्रश्न, आणि कोकणानं त्याचं उत्तर एका ओळीत बसवून ठेवलं आहे: आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल की कृष्ण, हे विचारायचीही गरज नाही.

पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पाठ असणाऱ्या पिढीला हा हिशेब तोंडी करता येत असे. आता भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, त्यामुळे नियमाची गरज फारशी उरलेली नाही. पण पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्यात काय चाललं आहे हे समजून घ्यायला या एका ओळीइतकी चांगली वाट मला माहीत नाही. ती कुठे बरोबर ठरते हे पाहण्यात जितकी मजा आहे, तितकीच ती कुठे चुकते हे पाहण्यातही आहे.

आधी तिथी. आपण तिला दिवसाचं नाव समजतो, पण ती मुळात एक कोन आहे. पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र एकाच दिशेला असतात तेव्हा अमावास्या. तिथून चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. तीस तिथ्यांत ३६० अंश पुरे होतात. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र दिवसाला सुमारे तेरा अंश सरकतो आणि सूर्य एक अंश, म्हणजे दोघांतलं अंतर रोज बारा अंशांच्या किंचित वर वाढतं. त्यामुळे सरासरी तिथी चोवीस तासांहून थोडी लहान, सुमारे २३ तास ३७ मिनिटांची असते. मात्र चंद्राची कक्षा लांबट असल्यानं तो कधी जलद तर कधी सावकाश चालतो, आणि तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांहून जास्त रेंगाळते. पंचांगातल्या क्षयतिथी आणि वृद्धितिथी यातूनच येतात.

आता घड्याळ. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबरच माथ्यावर येतो, साधारण दुपारी बाराला. मग तीस तिथ्यांत तो चोवीस तास मागे पडून पुन्हा सूर्याला गाठतो. चोवीस तास भागिले तीस, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. नियमातली पाऊण म्हणजे ४५ मिनिटं. तीन मिनिटांची ही सूट तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेली आहे, पण ती साचत जाते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला नियम सव्वाअकरा सांगतो, खऱ्या हिशेबानं बारा यायला हवेत. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, आणि नियमाप्रमाणे भरती थेट पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! पंधरवडाभर साचलेली पाऊण तासाची उधारी तिथं एकदम फिटते. समुद्र अशी उडी घेत नाही, पण होडी ढकलायला निघालेल्या माणसाला अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालतो.

पक्ष न विचारण्याचं कारण असं की भरती दिवसातून दोनदा येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. चंद्राच्या बाजूचं पाणी चंद्राकडे ओढलं जातं हे कुणालाही पटतं. पलीकडच्या बाजूचं पाणी त्याच वेळी का फुगावं, इथं बहुतेकांची गाडी अडते. शाळेच्या पुस्तकातली आकृती दोन्हीकडे फुगवटे काढते आणि पुढे जाते. उत्तर असं आहे की चंद्र केवळ पाण्याला ओढत नाही, अख्ख्या पृथ्वीला ओढतो. जवळच्या पाण्याला जास्त, पृथ्वीच्या केंद्राला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. पृथ्वी आणि चंद्र दोघेही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात, आणि तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर आहे. या फिरण्यात पृथ्वी चंद्राकडे सतत झुकत असते. तिच्या मानानं जवळचं पाणी पुढे जातं आणि पलीकडचं मागे राहतं. भरती घडवतो तो हा फरक. एकूण ओढीचा तिथं संबंध नाही.

हे एकदा ध्यानात आलं की सूर्याचं कोडंही सुटतं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पटींनी जास्त ओढतो. मग भरतीवर सत्ता चंद्राची कशी? ओढ अंतराच्या वर्गानं कमी होते, पण ओढीतला फरक अंतराच्या घनानं कमी होतो. सूर्य चंद्राच्या २ कोटी ७० लाख पट जड आहे आणि सुमारे ३९० पट दूर. ३९० चा घन होतो जवळपास ५ कोटी ९० लाख. भागाकार केला की सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, ०.४६ भरतो. एवढ्या प्रचंड आकड्यांतून असा माफक आकडा निघावा आणि दोघंही या खेळातले भिडू ठरावेत, हा निव्वळ योगायोग आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाचा पंधरवडा याच योगायोगानं आखून दिला आहे.

कारण अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात: एक अधिक ०.४६. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात, मग एक वजा ०.४६. हा भांग. दोन्हींत जवळपास पावणेतीन पटींचा फरक. उत्तन-वसईकडे डोलजाळी लावणाऱ्या मच्छीमारांना हे शिकवावं लागत नाही. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते पाण्यामागे जात नाही, पाण्याची ओढ मासे घेऊन त्याच्यात येते. उधाणाला ओढ जोरात, तेव्हा हंगाम. भांगाला ओढ मंद, तेव्हा जाळी दुरुस्त करायची. मिठागरांतही खारं पाणी आत घ्यायचं ते उधाणाचं. गोव्यातल्या खाजन शेतीत बांधाला ‘मानस’ नावाचे लाकडी दरवाजे असतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ते आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना उघडतात. कोण उघडतं, कोण मिटतं, तर सूर्य आणि चंद्र.

आपल्या पाऊणपटीची दुसरी चूकही इथंच आहे. उधाणाच्या आसपास सूर्य भरतीला अशा तऱ्हेनं ओढून धरतो की ती रोज जेमतेम ३५-४० मिनिटांनीच मागे पडते. भांगाच्या दिवसांत मात्र एकेका दिवसाची दिरंगाई तासाहून जास्त होते. म्हणून अष्टमी ओलांडल्यावर नियम सगळ्यात जास्त फसतो. शिवाय सर्वांत मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला किंवा अमावास्येला येत नाही. ते एक-दोन दिवसांनी, प्रतिपदा-द्वितीयेला येतं. समुद्र अवाढव्य आहे, त्याला हलायला वेळ लागतो.

खरं सांगायचं तर ‘चंद्र पाणी वर उचलतो’ हे वाक्यच दिशाभूल करणारं आहे. चंद्राच्या या फरकाच्या ओढीनं वस्तूचं वजन सुमारे नव्वद लाखांत एक भाग इतकंच घटतं. साठ किलोच्या माणसाचं सहा-सात मिलिग्रॅम. एवढ्याशा बळानं पाणी काही वर उचललं जात नाही. पण हे बळ सगळीकडे उभं नसतं, बऱ्याच ठिकाणी ते आडवं, पृष्ठभागाला समांतर लागतं, आणि आडव्या दिशेनं पाण्याला अडवणारं फारसं काही नसतं. हजारो किलोमीटर पसरलेल्या महासागरात ही क्षीण आडवी ओढ तासन् तास काम करते आणि पाणी एका बाजूला गोळा होतं. विहिरीत, तळ्यात, ग्लासात भरती दिसत नाही ती यामुळे. ‘आपल्या शरीरात सत्तर टक्के पाणी, मग पौर्णिमेचा परिणाम होणारच’ हा युक्तिवाद दर काही महिन्यांनी कुणीतरी पुढे पाठवतो. भरतीला पाण्याचं प्रमाण पुरत नाही, समुद्राएवढा विस्तार लागतो. माणूस कितीही जाडजूड असला तरी तो त्याच्याकडे नसतो.

गॅलिलिओसारख्या माणसालाही चंद्राचा हात पटला नव्हता. १६३२ च्या आपल्या ‘संवाद’ ग्रंथात त्यानं भरतीचं कारण पृथ्वीच्या स्वतःच्या हालचालीत शोधलं आणि चंद्राचं नाव घेणाऱ्या केप्लरबद्दल नापसंती व्यक्त केली. १६८७ मध्ये न्यूटननं गुरुत्वाकर्षणानं गणित मांडलं, तेव्हा केप्लर बरोबर ठरला. पण न्यूटनचे फुगवटेही अर्धीच गोष्ट सांगत होते. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटरनं फिरते. फुगवट्याला चंद्राखाली टिकून राहायचं तर त्यानं पाण्यातून तितक्याच वेगानं धावायला हवं. चार किलोमीटर खोल समुद्रात लांब लाट ताशी सातशेच्या आसपासच धावू शकते. म्हणजे फुगवटा चंद्राला कधी गाठूच शकत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाप्लासनं हे गणित नव्यानं मांडलं: सूर्य-चंद्र ठरावीक तालानं समुद्राला धक्के देतात, आणि प्रत्येक समुद्र आपापल्या आकाराप्रमाणे हेलकावतो. परातीत पाणी घेऊन ती हलकेच गोल हलवली की पाणी कडेकडेनं फिरतं आणि मध्यावर जवळजवळ स्थिर राहतं, तसंच.

त्यामुळे ताल आकाशाचा, पण पाणी किती चढणार आणि किती उशिरा, हे किनारा ठरवतो. अमावास्येला चंद्र माथ्यावर आणि मुंबईत भरतीही बाराच्या सुमारास, हा मेळ कोकण किनाऱ्याच्या नशिबाचा भाग आहे. भरतीची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. खंबातच्या आखातात आत भावनगरला ती मुंबईच्या कित्येक तासांनंतर पोहोचते. पाऊणपटीचा नियम तिथं नेला तर होडी चिखलात बसेल.

उंचीचा फरक तर डोळ्यांत भरणारा आहे. कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, गोव्यात मुरगावला दोन मीटरच्या आसपास, मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर, आणि भावनगरला दहा मीटरच्याही वर. एकच चंद्र, एकच सूर्य. दक्षिणेत खोल समुद्र किनाऱ्याच्या जवळ आहे. उत्तरेकडे येताना किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ रुंदावत जातो. मुंबई-गुजरातपुढे तो शेकडो किलोमीटर पसरला आहे. लाट उथळात शिरली की तिचा वेग घटतो आणि उंची वाढते. वर खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथाच्या लेखकानं बॅरिगाझा, म्हणजे आजच्या भरूचजवळच्या भरतीचं भयचकित वर्णन करून ठेवलं आहे: पाणी एकाएकी गर्जना करत येतं आणि अनोळखी गलबतं उलटवतं. त्याच्या चार शतकं आधी सिकंदराचं आरमार सिंधूच्या मुखाशी असंच गोंधळलं होतं. भूमध्य समुद्रात भरती नावापुरतीच असते, त्यामुळे पाणी मागे हटलं आणि जहाजं कोरडी पडली, तेव्हा त्यांना काय घडतंय तेच कळेना.

मुंबईकराला या सगळ्याची आठवण पावसाळ्यात होते. महापालिका दरवर्षी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. पाणी तेवढं चढलं की पर्जन्यवाहिन्यांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली उदंचन केंद्रं त्यासाठीच उभारली. वर्षभराच्या भरतीच्या वेळापत्रकाकडे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. जून-जुलैतल्या मोठ्या भरत्या जवळजवळ सगळ्या दुपारच्या, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या मोठ्या भरत्या रात्रीच्या. याचं मूळ पृथ्वीच्या कललेल्या अक्षात आहे. सूर्य आणि चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असले की दिवसातल्या दोन भरत्या सारख्या राहत नाहीत, एक वरचढ होते. जूनच्या अमावास्येला दोघंही उत्तरेकडे, दुपारी आपल्या माथ्यापाशी. जूनच्या पौर्णिमेला चंद्र दक्षिणेला असतो खरा, पण त्याच्या विरुद्ध बाजूचा परिणाम दुपारी उत्तरेतच पडतो. सहा महिन्यांनी सगळंच उलटं, आणि मान मध्यरात्रीकडे जातो. दोनपैकी कोणती भरती वरचढ होणार हे शेवटी किनाऱ्यावर अवलंबून असतं, आणि मुंबईच्या वाट्याला पावसाळ्यातली दुपार आली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याही दिवशी दुपारी सुमारे साडेचार मीटरची भरती होती. पौर्णिमा २१ तारखेला झाली होती, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस सरत आले होते. आणखी तीन दिवस आधी तो पाऊस आला असता तर काय, याचा विचार न केलेला बरा.

अशा बारकाव्यांसाठी पाऊणकी पुरत नाही. चंद्र जवळ-दूर होतो (सुमारे ३,५६,००० ते ४,०६,००० किलोमीटर), त्याची कक्षा कललेली, तिची दिशा १८.६ वर्षांत फिरणारी, त्यात सूर्याचे फेर. लॉर्ड केल्व्हिननं १८७२ च्या सुमारास यावर तोडगा काढला: प्रत्येक फेराला एक कप्पी, आणि सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी. हँडल फिरवलं की दोरीचं टोक भरतीचा आलेख काढतं. एडवर्ड रॉबर्ट्सनं १८७९ मध्ये असंच यंत्र खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तयार केलं. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीच्या नोंदी आहेत. हिंदी महासागराच्या परिसरातल्या सर्वांत जुन्या नोंदींत त्या मोडतात.

इथवर समुद्र सूर्य-चंद्राचं ऐकत होता. पण हा व्यवहार एकतर्फी नाही. भरतीचं पाणी उथळ तळावर घासतं, खाड्यांत अडतं, आणि त्या घर्षणात पृथ्वीच्या फिरण्यातली ऊर्जा खर्च होते. दिवस शतकाला सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. ऐकायला काहीच नाही, पण ही रक्कम साचते. इ. स. पू. १३६ मध्ये १५ एप्रिलला बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या फलकांवर आहे. आजच्या दिवसाची लांबी कायम धरून मागे हिशेब केला तर त्या ग्रहणाचा पट्टा बॅबिलोनच्या जवळपास ४९ अंश पश्चिमेला पडतो. फलक खोटे नाहीत. तेव्हा दिवस लहान होते आणि त्या साचलेल्या फरकात पृथ्वी एवढी वेगळी वळलेली होती. त्याहून मागे जायचं तर प्रवाळांकडे वळावं लागतं. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या. वर्षाला सुमारे चारशे रेषा! वर्षाची लांबी तीच, दिवस मात्र बावीस तासांचा.

पृथ्वीनं गमावलेलं हे फिरणं चंद्राला मिळतं आणि तो दूर सरकतो, वर्षाला ३.८ सेंटीमीटर. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर झोत पाठवून आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते पाहून हे मोजलं जातं. चांद्रयान-३ च्या विक्रम या अवतरकावरही नासानं दिलेला असा एक छोटा परावर्तक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं त्याच्यावर लेसर टाकून परत आलेला प्रकाश टिपला.

चंद्र दूर चालला म्हणजे तो लहान दिसत चालला. सूर्य चंद्राच्या चारशे पट रुंद आणि जवळपास तितकाच पट दूर, म्हणून सध्या दोघं सारखे दिसतात. आताही चंद्र कक्षेत दूर असताना अमावास्या आली तर तो सूर्याला पुरता झाकू शकत नाही आणि कंकणाकृती ग्रहण होतं. सुमारे साठ कोटी वर्षांनी पृथ्वीवरून खग्रास सूर्यग्रहण दिसणंच बंद होईल. कोकणाच्या वाट्याला आलेलं एक खग्रास ग्रहण २२ जानेवारी १८९८ चं. त्यासाठी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले आणि किल्ल्यात दुर्बिणींसाठी चौथरे बांधले. त्याच दिवशी सोलापूरकडे जेऊरला पुण्याचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन बसले होते. विजयदुर्गावरचे ते चौथरे आजही ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखवतात, आणि हेलियमचा शोध तिथं लागला असं आवर्जून सांगतात. पण सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेषा दिसली ती त्याआधी तीस वर्षं, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात, गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनना. आणि लॉकियरनी ती त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, आपल्या दुर्बिणीतून पाहिली. तरी दर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियमचा दिवस साजरा होतो. किल्ल्याला पाहुणे मिळतात, मुलं दुर्बिणीला डोळा लावतात, तेव्हा तक्रार कोण करणार!